न्यू जर्सीतल्या घराच्या अंगणातली जुनी तेलाची टाकी कशी काढावी

एडिसन किंवा पिस्कॅटवेच्या नव्या वसाहती सोडून मेटचन, हायलँड पार्क, वेस्टफील्ड अशा जुन्या, झाडांनी भरलेल्या गावांत घर घेणाऱ्या माणसाने छप्पर आणि तळघर पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा: या घराच्या जमिनीत तेलाची टाकी आहे का? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बांधलेली इथली असंख्य घरे तेलावर गरम होत असत. पुढे गॅसची जोडणी आली, तेलाचा बॉइलर गेला, पण अंगणात पुरलेली टाकी बहुतेकांनी जिथल्या तिथे सोडून दिली. ती साधारणपणे 550 किंवा 1000 गॅलनची, म्हणजे सुमारे 2000 ते 3800 लिटरची असते, आणि एकेरी पोलादी पत्र्याची असते. ओली माती तिला बाहेरून खाते आणि तळाशी साचलेले पाणी आतून खाते. तिच्यातून तेल झिरपले, तर ते कोणाच्या काळात झिरपले याला फारसे महत्त्व राहत नाही. राज्याच्या 1976 च्या गळतीविषयक कायद्यानुसार सफाईची जबाबदारी आजच्या मालकावर येऊ शकते. म्हणूनच टाकी घर घेण्याआधी शोधावी, शक्यतो विकणाऱ्याकडून काढून घ्यावी आणि काढताना प्रत्येक टप्प्याचा कागद हातात घ्यावा. माझ्या मते या कामात खड्ड्याइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्व कागदांना आहे.

शोध घराभोवती एक फेरी मारून सुरू करावा. भिंतीलगत जमिनीतून वर आलेली, टोकाला वाकलेली किंवा टोपी असलेली लोखंडी नळी दिसली, तर ती बहुधा टाकीतली हवा बाहेर सोडण्याची नळी असते, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीलगत झाकण असलेली दुसरी नळी ही तेल भरण्याची. तळघरात बाहेरच्या भिंतीतून आत आलेल्या, टोक दाबून बंद केलेल्या तांब्याच्या दोन बारीक नळ्या असतील, तर तो याहूनही पक्का पुरावा समजावा. काहीच दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण अनेक मालक वरच्या नळ्या कापून त्यावर हिरवळ लावतात. धातुशोधक आणि जमिनीत लहरी सोडून पाहणारे रडार वापरून टाकी शोधून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचा खर्च पुढच्या संभाव्य खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. घराच्या खरेदीच्या करारावर सह्या झाल्यावर वकिलांना तो तपासण्यासाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात. टाकीचा शोध, टाकी सापडल्यास विकणाऱ्याने ती काढण्याची अट आणि माती दूषित निघाल्यास करार मोडण्याचा आपला हक्क, या तिन्ही गोष्टी त्या तीन दिवसांत आपल्या वकिलाकडून करारात लिहून घ्याव्यात. त्याच वेळी त्या पत्त्यावर आजवर निघालेल्या सर्व परवानग्यांच्या प्रती नगरपालिकेकडे मागाव्यात. माहितीच्या अधिकारासारखाच इथेही सार्वजनिक नोंदींचा कायदा आहे, आणि साध्या अर्जावर या प्रती मिळतात.

‘टाकी वाळूने भरून बंद केलेली आहे’ असे विकणारा सांगेल. आम्हालाही तसेच सांगितले होते, एक जुनी पावतीही दाखवली होती, आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला. काही वर्षांनी खणले तेव्हा टाकीत वाळू जेमतेम अर्धी होती आणि तिच्याखाली काळा, चिकट गाळ तसाच होता. वाळू, फोम किंवा सिमेंटचे पातळ मिश्रण भरून टाकी जागेवरच सोडण्याची पद्धत नियमात बसते, आणि टाकी घराच्या पायाखाली किंवा नंतर बांधलेल्या खोलीखाली असेल तर बहुधा तोच एक मार्ग उरतो. पण ज्या टाकीखालची माती कधीच तपासली गेली नाही, ती बंद झाली असे मी तरी मानणार नाही. पुढे आपण घर विकायला काढू तेव्हा समोरचा खरेदीदारही मानणार नाही.

टाकी काढण्यासाठी कंपनी निवडताना तिच्याकडे राज्याच्या पर्यावरण खात्याचे, म्हणजे डीईपीचे, या कामाचे प्रमाणपत्र आहे का, हे खात्याच्या यादीत स्वतः पाहावे. निदान तीन ठिकाणांहून लेखी दर मागवावेत आणि त्यांतला केवळ एकूण आकडा न पाहता बारीक अक्षरे वाचावीत. टाकी काढणारी कंपनी बहुधा माती साफ करण्याचेही काम करते, त्यामुळे खड्डा उघडा असताना ‘माती खराब आहे, आताच उचलतो’ असे सांगून दर टनाप्रमाणे काम सुरू करण्याचा मोह तिला होऊ शकतो. माती खराब निघाल्यास आपल्या लेखी संमतीशिवाय पुढचे काम होणार नाही, दूषित माती उचलण्याचा दर टनाला अमुक असेल आणि नमुन्यांची तपासणी स्वतंत्र प्रमाणित प्रयोगशाळेत होईल, ही तीन वाक्ये करारात असल्याशिवाय सही करू नये. मी हे कळकळीने सांगतो, कारण अंगणात जेसीबी उभा असताना आणि घरचे सगळे खिडकीत उभे राहून पाहत असताना शांत डोक्याने निर्णय घेता येत नाही.

कामाची परवानगी नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडून निघते आणि ती सहसा कंपनीच काढते. खणण्याआधी 811 या फोन क्रमांकावर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते कामकाजाचे किमान तीन दिवस आधी करावे लागते. त्यानंतर जमिनीखालच्या नळ्या आणि तारा कुठे आहेत हे दाखवणाऱ्या रंगाच्या खुणा जमिनीवर होतात: गॅससाठी पिवळा, विजेसाठी लाल, पाण्यासाठी निळा, सांडपाण्यासाठी हिरवा. या खुणांचे फोटो काढून ठेवावेत. आपण स्वतः बसवलेल्या तुषारसिंचनाच्या नळ्या किंवा बागेतल्या दिव्यांच्या तारा या खुणांमध्ये येत नाहीत, त्या आपणच दाखवाव्या लागतात.

प्रत्यक्ष काम बहुधा एका दिवसात होते. आधी टाकीची वरची बाजू मोकळी करतात, उरलेले तेल आणि पाणी पंपाने टँकरमध्ये ओढून घेतात, आतली हवा मोजतात, मग वरचा पत्रा कापून आतला गाळ खरवडून, पुसून काढतात. रिकाम्या टाकीत तेलाची वाफ असते आणि प्राणवायू कमी असू शकतो. प्रशिक्षित आणि साधने असलेल्या कामगाराखेरीज कोणीही तिच्यात वाकूनसुद्धा पाहू नये, आणि हे काम ओळखीच्या हँडीमनकडून कधीही करून घेऊ नये. स्वच्छ झालेली टाकी साखळीने उचलून जमिनीवर ठेवली, की आपण तिथे हजर असलेच पाहिजे. आमच्या वेळी कामगाराने तिच्या अंगावरची माती फावड्याच्या कडेने हळूहळू खरवडली. पत्रा तांबूस, खवल्याखवल्यांचा होता. तेल भरण्याच्या नळीच्या बरोबर खाली, जिथे तेल मोजण्याची काठी वर्षानुवर्षे आपटत आली होती, तिथे तिळाएवढी दोन भोके दिसली आणि त्यांच्याभोवती रुपयाएवढे ओले, काळे वर्तुळ. खड्ड्याच्या तळातून डिझेलसारखा वास येत होता. एवढ्याशा भोकांतून किती तेल गेले हे पाहून कळत नाही, ते मातीच्या नमुन्यांवरूनच ठरते.

टाकी अखंड असो वा भोके पडलेली असो, खड्ड्याच्या तळातून आणि टाकीच्या टोकांकडून मातीचे नमुने घ्यायला सांगावे, आणि नमुने कुठून घेतले याचे फोटो ठेवावेत. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर खड्डा आणि टाकी पाहून जाईपर्यंत खड्डा बुजवू देऊ नये. गळती दिसली, तर डीईपीच्या आपत्कालीन क्रमांकावर ताबडतोब कळवणे कायद्याने आवश्यक आहे. कळवल्यावर मिळणारा नोंद क्रमांक पुढच्या प्रत्येक कागदावर लागतो. लपवून काहीच साधत नाही, कारण ही नोंद नसेल तर सफाई पूर्ण झाल्याचे खात्याचे अखेरचे पत्र मिळतच नाही. ‘नो फर्दर ॲक्शन’ नावाचे हे पत्र म्हणजे त्या जमिनीचा निर्दोषत्वाचा दाखला असतो. माती काढून नमुने स्वच्छ आले तर प्रकरण काही महिन्यांत मिटते. तेल भूजलापर्यंत गेले असेल, तर निरीक्षणाच्या विहिरी खणाव्या लागतात आणि काम बरेच लांबते.

विम्याकडून मिळेल तेवढी मदत घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. बहुतेक घरमालकांच्या पॉलिसींत प्रदूषणाला वगळलेले असते. तरीही भूजल किंवा शेजाऱ्याची जमीन बाधित झाली असेल, तर काही पॉलिसींतून दावा मान्य होऊ शकतो. त्यासाठी माती हलवण्याआधीच विमा कंपनीला लेखी कळवावे, म्हणजे तिचा माणूस येऊन पाहून जाऊ शकतो. आधीच्या मालकाच्या काळातल्या जुन्या पॉलिसींचे कागद सापडले तर फेकू नयेत, ते वकिलाला दाखवावेत.

खड्डा बुजवण्याआधी तेल भरण्याची आणि हवेची नळी दोन्ही मुळापासून काढल्या आहेत आणि भिंतीतली छिद्रे सिमेंटने बंद केली आहेत, हे स्वतः पाहावे. हे मी मुद्दाम सांगतो. टाकी गेली पण भरण्याची नळी भिंतीत राहिली, आणि पत्ता चुकलेल्या तेलाच्या गाडीने त्या नळीतून शेकडो गॅलन तेल थेट तळघरात ओतले, असे प्रकार घडतात. भराव स्वच्छ मातीचा आहे याची पावती घ्यावी. टाकी भंगारात दिल्याची पावती, गाळ आणि तेल नेल्याचा दाखला, प्रयोगशाळेचा अहवाल, नगरपालिकेने काम पूर्ण झाल्याची नोंद करून परवानगी बंद केल्याचा कागद आणि खड्ड्याचे फोटो एका फाइलमध्ये ठेवावेत व त्यांची एक प्रत वकिलाकडे द्यावी. परवानगी निघाली पण बंद झालीच नाही, असे फार वेळा होते. म्हणून कंपनीच्या बिलाचा शेवटचा हप्ता तो कागद हातात आल्यावरच द्यावा.

बुजवलेली जागा पहिल्या हिवाळ्यात आणि वसंतातल्या पावसात थोडी खचते. वर्षभर तिथे फरशी किंवा डेक बांधू नये, पाणी साचू लागले तर माती टाकून उतार घराकडून बाहेरच्या दिशेला करून घ्यावा, आणि मग हवे ते झाड लावावे.