आदेशकेंद्र असलेले हेलिकॉप्टर छायाचित्रावरून कसे ओळखावे

लष्करी हेलिकॉप्टरचे छायाचित्र पाहताना नजर आधी शस्त्रांकडे जाते; पण ज्या हेलिकॉप्टरमध्ये बसून सेनाधिकारी आपल्या तुकड्या हलवतो, त्याची खूण अँटेनांमध्ये असते. म्हणून प्रथम शेपटीचा दांडा आणि पोट न्याहाळावे, आणि त्याच प्रकारच्या साध्या वाहतूक हेलिकॉप्टरचे छायाचित्र शेजारी ठेवून कोणत्या अँटेना जास्तीच्या आहेत ते पाहावे. ही तुलना टाळली, तर प्रत्येक काडी संशयास्पद वाटू लागते.

सोव्हिएत एमआय-९ हे सरावासाठी उत्तम उदाहरण आहे. टँक किंवा मोटोरायफल (चिलखती वाहनांतून लढणाऱ्या पायदळाच्या) डिव्हिजनच्या सेनापतीसाठी एमआय-८ या वाहतूक हेलिकॉप्टरवरून तयार केलेले हे आदेशकेंद्र नाटोच्या यादीत ‘हिप-जी’ म्हणून नोंदलेले आहे. त्याची बाह्याकृती मूळ हेलिकॉप्टरसारखीच असली, तरी केबिनच्या मागच्या बाजूस आणि शेपटीच्या दांड्याखाली हॉकीच्या काठीसारख्या, मागे झुकलेल्या अँटेना दिसतात.

येथे एक घोटाळा हमखास होतो. अँटेना जास्त म्हणजे आदेशकेंद्र, असा निष्कर्ष घाईने काढू नये, कारण शत्रूचे संदेश ऐकणारी किंवा त्यांत अडथळा आणणारी हेलिकॉप्टरेही अँटेनांनी लगडलेली असतात. एमआय-८ च्याच ‘हिप-के’ या अडथळा आणणाऱ्या प्रकारात केबिनच्या दोन्ही बाजूंना फुलीच्या आकाराच्या अँटेनांची मोठी जाळी असते. अमेरिकेच्या ‘ब्लॅक हॉक’ या वाहतूक हेलिकॉप्टरवरून तयार केलेल्या, याच कामाच्या ईएच-६०ए या हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या दांड्यावर द्विध्रुवी (दोन भुजांच्या) अँटेना बसवलेल्या असतात. एकसारख्या अँटेनांची शिस्तबद्ध मांडणी दिसली, तर ती बहुधा दिशा शोधण्यासाठी किंवा शक्ती एका दिशेला एकवटण्यासाठी असते. आदेशकेंद्राला मात्र पायदळ, तोफखाना, विमाने आणि वरिष्ठ मुख्यालय या सर्वांशी एकाच वेळी बोलायचे असल्यामुळे त्याच्या अँटेना वेगवेगळ्या जातींच्या आणि विखुरलेल्या असतात. जवळजवळ ठेवलेले रेडिओ एकमेकांचे बोलणे बिघडवतात, हेही विखुरण्याचे एक कारण आहे.

अँटेनाच्या लांबीवरून तिचे काम अजमावता येते. ७५ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले, की पाव तरंगलांबी, म्हणजे साध्या काडीसारख्या अँटेनेची साधारण लांबी, मीटरमध्ये मिळते: ३० मेगाहर्ट्झला अडीच मीटर, ३०० मेगाहर्ट्झला २५ सेंटिमीटर. भूदलाचे रणांगणावरील रेडिओ सामान्यतः ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये आणि लष्करी विमानांचे अतिउच्च वारंवारतेचे रेडिओ २२५ ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये चालतात, त्यामुळे आखूड पाते बहुधा विमानांशी बोलणारे असते. हेलिकॉप्टरवर विद्युत जुळवणी करून लांब अँटेना आखूड करता येते, हे मात्र विसरू नये. ब्लॅक हॉकच्या शेपटीला समांतर बसवलेली लांब नळी ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या संदेशांसाठी असते आणि साध्या ब्लॅक हॉकवरही आढळते. तेवढ्यावरून आदेशकेंद्र ठरवू नये.

एवढा खटाटोप हवेत नेण्याचे कारण उंची. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले, की सपाट प्रदेशावरील रेडिओ-क्षितिजाचे (रेडिओलहरी अडथळ्याविना जिथवर पोहोचतात तिथवरचे) अंतर किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीपासून ९ मीटरवर ते जेमतेम १२ किलोमीटर, तर ४५० मीटरवर सुमारे ८७ किलोमीटर असते. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारण्यामागचे गणितही हेच.

छायाचित्र आतले असेल, तर काम सोपे होते. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकेच्या ‘ह्युई’ आदेश-हेलिकॉप्टरमध्ये प्रवाशांच्या जागेत एएन/एएससी-१५ हा रेडिओसंच आणि त्याच्याभोवती नकाशे घेतलेले अधिकारी दिसतात. लहान शस्त्रांच्या माऱ्यापासून बचाव म्हणून ही हेलिकॉप्टरे साधारण १५०० फुटांवर घिरट्या घालत. बटालियन, ब्रिगेड आणि डिव्हिजनचे प्रमुख एकाच लढाईवर एकावर एक थर करून उडत आणि खाली झाडीत अडकलेल्या कंपनी कमांडरला तिघांच्याही सूचना ऐकाव्या लागत, अशी टीका पुढे झाली. ती मला रास्त वाटते. यूएच-६०एल या ब्लॅक हॉकच्या प्रकारावर बसवलेल्या नंतरच्या अमेरिकी प्रणालीत नकाशाच्या जागी पाच संगणकीय कार्यस्थाने आली. तेव्हा आतल्या छायाचित्रात आसने कोणीकडे तोंड करून आहेत ते पाहावे: पडद्यांकडे किंवा रेडिओच्या मांडणीकडे वळलेली आसने आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेडसेट, ही खूण बाहेरच्या कोणत्याही अँटेनेपेक्षा भरवशाची आहे.