बागेतल्या ३८ मीटरसाठी पाच लाखांचा अर्ज

आमच्या कोथरूडच्या बागेत, मोठ्या वर्षावृक्षाखाली मुळांनी चालायच्या ट्रॅकचे ब्लॉक उचलले होते. सासूबाई तिथे दोनदा अडखळल्या आणि तिसऱ्यांदा पडल्याच. मनगटाला दीड महिना प्लास्टर. तेव्हापासून मी महापालिकेच्या अर्जांच्या मागे लागले. व्यवसायाने मी हिशेबनीस, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. भीती होती ती जिन्यांची आणि 'साहेब साइटवर आहेत'ची.

पहिल्या वर्षी अर्जात मी झोकात लिहिलं, 'उद्यानाचे सुशोभीकरण करावे.' अर्थात काहीच झालं नाही, आणि चूक माझीच. सुशोभीकरणाचं एस्टिमेट कोण आणि कशाचं काढणार? कारंजं हवंय, रंग हवाय की हत्तीच्या आकाराची कचरापेटी? तुम्ही हा शब्द अर्जात लिहूच नका.

पैशांचा सरळ रस्ता आहे नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकाचा, म्हणजे नागरिकांनी सुचवलेली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेण्याचा. पुणे महापालिकेत ही सोय २००६ पासून आहे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, पण तारीख दरवर्षी वेगळी, म्हणून जुलैपासूनच क्षेत्रीय कार्यालयात विचारत राहायचं. एका कामाला कमाल ५ लाख रुपये. म्हणजे काम त्या रकमेत बसेल एवढंच मागायचं. यातून मंजूर झालेलं काम पुढच्या एप्रिलपासूनच्या वर्षात येतं, तेव्हा घाई असेल तर नगरसेवकांच्या निधीतल्या कामांची 'स' यादी हाही मार्ग आहे. आमदार-खासदार निधी मोठ्या कामांना ठेवा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधीही मिळतो, फक्त देखभाल कोण करणार हे आधी लिहून घ्या. बाकडं देऊन फोटो काढून जाणारे पुष्कळ असतात.

आता मोजमाप, कारण इथेच अर्ज जिंकतो किंवा हरतो. आम्ही दोघी एका रविवारी सकाळी सहाला टेप, खडू आणि वही घेऊन गेलो. सासूबाई टेपचं एक टोक धरून उभ्या, हात अजून दुखरा, पण सूचना ठणठणीत: "अगं, वळणावर टेप ताणू नकोस, कडेकडेने ने." पूर्ण फेरी भरली २१४ मीटर. त्यातला खराब भाग ३८ मीटर, रुंदी २ मीटर, म्हणजे ७६ चौरस मीटर. खराब जागांवर खडूने आकडे घातले, त्याच आकड्यांनिशी फोटो काढले आणि हाताने नकाशा काढला. पूर्ण ट्रॅक मागायचा मोह होतो. ७६ चौरस मीटर मागा.

काय मागायचं, तेही नेमकं हवं. मुळं तोडून नवे ब्लॉक बसवायला सांगितलंत तर झाड कमकुवत होतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत ब्लॉक पुन्हा उचलतात. आम्ही मागितलं ते असं: खोडाभोवती १ मीटर माती मोकळी, तिथे ट्रॅक थोडा बाहेरून वळवायचा, आणि मुळांच्या पट्ट्यात ब्लॉकऐवजी दाबलेला मुरूम. झाड तोडायचा किंवा छाटायचा विषय निघालाच तर १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते, ते काम वेगळं चालतं.

मग कनिष्ठ अभियंत्यांना एकदा जागेवर आणा. दर ते दरसूचीतून, म्हणजे कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीतून काढतात, तुम्ही फक्त 'जीएसटी धरून ५ लाखांच्या आत' एवढं विचारा. माझं एस्टिमेट तीन तक्त्यांचं झालं, त्यांना ते आवडलं नाही. शेवटी एका पानाचं चाललं.

मंजूर झालं की लोक पेढे वाटतात. पेढे नंतर. तरतूद पडली तरी काम सुरू नसेल तर पैसे दुसरीकडे वळवता येतात, त्याला महापालिकेच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात. म्हणून मे महिन्यात एक पत्र, पावसाळ्यानंतर दुसरं, दिवाळीनंतर 'टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर केव्हा' असं तिसरं. प्रत्येकाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. उत्तरच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवस. भांडण न करता हे सगळं होतं.

टेकडीवरच्या पायवाटेचं गणित निराळं. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर सगळी जमीन एकाच मालकाची नाही, काही वनविभागाची आहे. आधी वाट कोणाच्या हद्दीत आहे ते विचारा, नाहीतर चुकीच्या खिडकीत वर्ष जाईल. आणि तिथे सिमेंट मागूच नका. पाणी वाटेवरून धावलं की वाटेचीच नाली होते. वाटेला तिरके दगड बसवून पाणी कडेला काढलं की बरंच काम भागतं. शॉर्टकटवर काटेरी फांद्या टाकल्या की माती थांबते. परवानगीपुढे खर्च किरकोळच.

काम झाल्यावर अभियंते मोजमाप पुस्तकात मापं लिहितात. त्या दिवशी जरूर जा. आम्ही गेलो, टेप आमचाच होता. ३८ मीटरला १ मीटर कमी भरला, तो मुरूम दुपारी टाकून घेतला. सासूबाईंनी टेपचं टोक तोवर सोडलं नव्हतं.