डेथ रो रेकॉर्ड्सची गोष्ट कागदांवरून कशी वाचावी

डेथ रो रेकॉर्ड्स या अमेरिकेतल्या रॅप कंपनीबद्दल कुणी सांगायला बसलं की दहा मिनिटांत लास वेगासचा तो चौक येतो, काळी बीएमडब्ल्यू येते, आणि टुपाक या रॅपरवर गोळ्या कुणी झाडल्या यावर गप्पा जाऊन बसतात त्या उठतच नाहीत. मला त्या गप्पांचा कंटाळा आहे. मी व्यवसायाने सीए. दुसऱ्यांचे ताळेबंद वाचून पोट भरतो, आणि कॉलेजात असताना हातोहात फिरून खरखरणाऱ्या कॅसेटींवर हेच रॅप ऐकायचो. या कंपनीचे करार, दावे आणि दिवाळखोरीची प्रकरणं क्रमाने लावली तर ती का चढली आणि का कोसळली हे बंदुकांच्या कहाण्यांपेक्षा फार स्वच्छ दिसतं. माझी पद्धत इथे देतो.

एक वही घ्या आणि चार रकाने आखा: मास्टर कुणाचे, वितरण कुणाचं, पैसा कुणाचा, सही कुणाची. मास्टर म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, हे हक्क वेगळे असतात. मास्टर ज्याच्या नावावर, तो ती रेकॉर्ड छापणार, विकणार, सिनेमाला भाड्याने देणार. रॅपर पडद्यावर सोन्याची साखळी मिरवत असतो तेव्हा मास्टर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कपाटात असतात.

प्रत्येक नोंदीपुढे एक खूणही करा. कोर्टात ठरलेलं असेल तर बरोबर, नुसता आरोप असेल तर प्रश्नचिन्ह, ऐकीव असेल तर फुली. ही सवय लागली नाही तर शूग नाइटची गोष्ट वाचूच नका. शूग म्हणजे डेथ रो चालवणारा. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा हा धिप्पाड माणूस, पूर्वी अमेरिकन फुटबॉल खेळलेला, नंतर अंगरक्षक झालेला. त्याने व्हॅनिला आइस या रॅपरला हॉटेलच्या गच्चीवरून उलटं टांगलं, ही जगप्रसिद्ध कथा. टांगलं नव्हतं, असं खुद्द व्हॅनिला आइसने पुढे सांगितलं. म्हणजे फुली. पण त्याच्या गाजलेल्या गाण्याच्या कमाईतला वाटा त्या भेटीनंतर दुसरीकडे वळला, ही नोंद ठेवण्यासारखी आहे. शूगला गाण्यांच्या हक्कांतला पैसा तेव्हाच दिसला होता.

वाचायला सुरुवात डेथ रोपासून करू नका, रूथलेस रेकॉर्ड्सपासून करा. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटातला ईझी-ई त्या कंपनीचा मालक, जेरी हेलर त्याचा व्यवस्थापक, आणि संगीत घडवणारा डॉ. ड्रे. आपल्या कामाच्या मानाने हातात फारच कमी पडतं, ही ड्रेची तक्रार. १९९१ साली ड्रेची सुटका करून देणाऱ्या कागदांवर ईझी-ईची सही झाली. शूगची माणसं बेसबॉलच्या बॅटी आणि पाइप घेऊन उभी होती, असं ईझी-ईचं म्हणणं. प्रश्नचिन्ह. रूथलेसने संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली दावा लावला, तो टिकला नाही. पण ड्रेच्या पुढच्या कामातला काही वाटा रूथलेसकडे राहिला. म्हणून ‘द क्रॉनिक’ या आपल्या अल्बमवर ड्रे ईझी-ईची भरपूर टिंगल करतो तेव्हा ज्याची टिंगल चालली आहे त्यालाही त्या विक्रीतून पैसे जात होते. ईझी-ईने हे आपल्या उत्तरादाखलच्या गाण्यात चिडवून सांगितलंही.

आता डेथ रोची पाटी. ड्रे, शूग, द डी.ओ.सी. हा गीतकार-रॅपर (१९८९च्या मोटार अपघातात त्याचा आवाज गेला होता), आणि सोलार रेकॉर्ड्सचे डिक ग्रिफी. हे चौघे संस्थापक म्हणून लिहा, पण ‘पैसा कुणाचा’ हा रकाना पेन्सिलीने भरा. मायकल ‘हॅरी-ओ’ हॅरिस नावाचा, अंमली पदार्थांच्या व्यापारात आणि खुनाच्या प्रयत्नात शिक्षा भोगणारा कैदी म्हणत होता की कंपनी उभी करायला १५ लाख डॉलर मी दिले आणि निम्मी मालकी माझी आहे. त्याचा वकील डेव्हिड केनर, आणि डेथ रोचाही वकील केनरच. या नावाखाली रेघ मारून ठेवा. पुढे ते इतक्या वेळा येतं की मी वहीत त्याला वेगळं पानच दिलं.

मग ऐका. ‘द क्रॉनिक’ डिसेंबर १९९२चा. भाषा शिवराळ आहे आणि बायकांबद्दल ती घाणेरडी आहे, त्यामुळे इअरफोन लावा, आणि संगीत चांगलं म्हणून ते शब्द पोटात घालण्याची गरज नाही. बासकडे कान द्या. ड्रे जुन्या फंक संगीताच्या चाली बऱ्याचदा वादकांकडून पुन्हा वाजवून घेतो. त्याला कानाचं कारण आहेच, पण कागदाचंही आहे: जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून लावला तर मास्टरवाल्याचीही परवानगी लागते, आणि चाल नव्याने वाजवली तर फक्त गीत-संगीताच्या हक्कदाराशी बोलावं लागतं. अल्बमच्या मागच्या बाजूला इंटरस्कोप आणि प्रायॉरिटी ही नावं दिसतील. तो वितरणाचा रकाना. नोव्हेंबर १९९३मध्ये स्नूप डॉगचा ‘डॉगीस्टाइल’ आला आणि पहिल्याच आठवड्यात ८ लाखांच्या आसपास खपला. स्नूपवर तेव्हा खुनाचा आरोप होता. त्यातून तो फेब्रुवारी १९९६मध्ये निर्दोष सुटला.

वितरणाच्या रकान्यातला वाद मजेशीर आहे. नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेल्या सी. डेलोरेस टकर यांनी या गाण्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि इंटरस्कोपमध्ये निम्मा हिस्सा असलेल्या टाइम वॉर्नरला घेरलं. टाइम वॉर्नरने १९९५ साली तो हिस्सा सुमारे साडेअकरा कोटी डॉलरना सोडून दिला. काही महिन्यांत एमसीए या दुसऱ्या कंपनीने निम्मा हिस्सा सुमारे २० कोटींना घेतला. नीतीची किंमत इतक्या चोख आकड्यात सहसा कळत नाही.

सहीच्या रकान्यात एक नोंद हमखास लिहा. शूगला मारहाणीच्या एका प्रकरणात १९९५ साली तुरुंगाऐवजी प्रोबेशन, म्हणजे अटींवर बाहेर राहण्याची मुभा, मिळालं. त्या प्रकरणातल्या सरकारी वकिलाच्या मुलीशी पुढे डेथ रोने गायिका म्हणून करार केला, आणि त्याच कुटुंबाचं मालिबूतलं घर शूगच्या वापरासाठी भाड्याने घेतलं गेलं. हे बाहेर आलं तेव्हा वकिलाला प्रकरणातून दूर केलं. यात कुठेही बॅट नाही, पाइप नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो टुपाकच्या कराराला. ऑक्टोबर १९९५. टुपाक न्यूयॉर्क राज्यातल्या डॅनमोराच्या तुरुंगात. अपील चालू असेपर्यंत बाहेर यायला १४ लाख डॉलरचा जामीन हवा, आणि एवढे पैसे त्याच्याकडे नाहीत. शूग आणि केनर जाऊन भेटतात. तीन पानी, हाताने लिहिलेला करार, तीन अल्बमचा. टुपाक सही करतो आणि सुटतो. आमच्या बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती हीच. हंगामभर कोयता चालतो, कारखाना साखर विकून मोकळा होतो, पण खाडे, दवाखाना, सणाला घेतलेले पैसे असं सगळं वळतं करून शेवटी उचल फिटलेली नसतेच. टुपाकच्या नावावर स्टुडिओ, गाड्या, घरं, वकील असे खर्च चढत गेले. फेब्रुवारी १९९६मध्ये ‘ऑल आइज ऑन मी’ हा दुहेरी अल्बम आला, अमेरिकेत लाखांनी खपला, आणि तरीही डेथ रोच्या हिशेबाप्रमाणे टुपाक मेला तेव्हा कंपनीचंच त्याच्याकडे येणं निघत होतं.

इथे थांबून केनरचं पान उघडा. कंपनीचा वकील तोच, टुपाकचाही वकील तोच. खर्चाच्या नोंदीला हरकत घ्यायची तर टुपाकने जायचं कुणाकडे? ऑगस्ट १९९६च्या शेवटी त्याने केनरला काढलं. ७ सप्टेंबरला वेगासमध्ये गोळ्या लागल्या, १३ला तो गेला. वय २५. या दोन तारखांवरून लोक मोठमोठे निष्कर्ष काढतात. तुम्ही फुली मारा आणि पुढे चला. १९९७ साली त्याच्या आईने, अफेनी शकूर यांनी, कंपनीवर दावा लावला आणि अप्रकाशित गाणी मिळवली. त्यांनी काढलेल्या अमारू या कंपनीतून मग टुपाकचे अल्बम येत राहिले. साऱ्या गोष्टीत हिशेब मागण्याची पद्धत बरोबर कळलेली मला तरी ती एकच बाई दिसते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर द लेडी ऑफ रेजसाठी एक ओळ राखून ठेवा. ‘द क्रॉनिक’वर तिचा आवाज आहे, ‘डॉगीस्टाइल’च्या सुरुवातीलाही तिचा आवाज आहे. १९९४मध्ये तिचं ‘ॲफ्रो पफ्स’ गाजलं. स्वतःचा अल्बम मात्र १९९७च्या उन्हाळ्यात, घराचे वासे फिरल्यावर. तिच्या ओळीत मास्टर, वितरण, पैसा या रकान्यांत काय भरायचं ते भरा, पण समासात ‘उशीर’ असं लिहा. कलाकाराला अडवून ठेवायला कंपनीला नकार द्यावा लागत नाही, तारीख दिली नाही की काम होतं.

ड्रे मार्च १९९६मध्येच बाहेर पडला होता. आपल्या हिश्श्यावर पाणी सोडून गेला, मूर्ख ठरला, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. त्याने सही केलेला कागद पंधरा वर्षांनी उघडला गेला. ‘द क्रॉनिक’ पूर्वी ज्या स्वरूपात विकला जात होता त्याच स्वरूपात विकण्याची मुभा डेथ रोला त्या करारात होती. १९९६ साली डाउनलोड नव्हतं. २०११मध्ये संघीय न्यायालयाने सांगितलं की डिजिटल विक्रीचा अधिकार कंपनीला मिळालेलाच नाही, ते पैसे ड्रेचे. करार वाचायला शिकायचं असेल तर हा निकाल शोधून वाचा. मी माझ्याकडे सीएचं काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक आर्टिकलला हे सांगतो, पोरं आधी हसतात.

पडझड झरझर लिहून काढा. फेब्रुवारी १९९७मध्ये प्रोबेशन मोडल्याबद्दल शूगला नऊ वर्षांची शिक्षा, त्याच वर्षी इंटरस्कोपने हात काढून घेतला, मग स्नूप गेला, शूग २००१मध्ये सुटून आला तेव्हा नाव बदलून ‘द रो’ केलं तरी दुकान चालेना. पेन्सिलीने भरलेला रकाना आता पेनाने गडद करायचा: २००५ साली हॅरिसची पत्नी लिडिया हिला १० कोटी ७० लाख डॉलरचा निकाल मिळाला. एप्रिल २००६मध्ये शूग आणि डेथ रो, दोघांनीही दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायाधीशांनी कारभार शूगच्या हातून काढून विश्वस्ताकडे दिला.

दिवाळखोरीची प्रकरणं लोक वाचत नाहीत आणि मला ती कादंबरीपेक्षा आवडतात. ज्याचं ज्याचं येणं आहे त्या प्रत्येकाला तिथे कागद घेऊन यावं लागतं. २००८मध्ये २ कोटी ४० लाखांची बोली लागली आणि फसली. जानेवारी २००९मध्ये टोरांटोच्या वाइडअवेक या कंपनीने १ कोटी ८० लाखांना सगळं घेतलं. कचेरीतल्या सामानाचाही लिलाव झाला, त्यात बोधचिन्हावर होती तसली विजेची खुर्चीसुद्धा होती. वाइडअवेकचीही पुढे दिवाळखोरी, मग २०१३मध्ये मालकी एंटरटेनमेंट वनकडे. तिला २०१९च्या शेवटी हॅसब्रोने विकत घेतलं. हॅसब्रो म्हणजे मोनोपॉलीवाली खेळण्यांची कंपनी. काही काळ डेथ रो आणि लहान मुलांच्या कार्टूनमधली पेपा पिग एकाच छपराखाली नांदत होते. २०२१मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने त्यातला संगीत विभाग ३८ कोटी ५० लाखांना घेतला, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये डेथ रो हे नाव स्नूपने स्वतः विकत घेतलं. त्याने जुने अल्बम स्ट्रीमिंगवरून उतरवले, ते वर्षभराने परत आले. ‘द क्रॉनिक’ मात्र फेब्रुवारी २०२३मध्ये इंटरस्कोपकडून वेगळा परतला, कारण तो ड्रेचा. शूग तेव्हा कुठे? २०१५मध्ये कॉम्प्टनला गाडीखाली माणूस चिरडल्याच्या प्रकरणात २०१८ साली मिळालेली २८ वर्षांची शिक्षा भोगत.

वही भरली की तपासायची रीत सोपी आहे. वर सांगितलेल्यांपैकी कोणताही अल्बम फोनवर उघडा आणि अगदी तळाशी जा. वर्तुळातल्या पी या अक्षरापुढे एक वर्ष आणि एक नाव असतं, ते ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराचं. जुनी सीडी किंवा तिच्या मागच्या बाजूचा फोटो मिळाला तर तिथलीही तीच ओळ बघा. दोन नावं जुळली नाहीत तर मधल्या काळात कोणता करार, कोणता निकाल किंवा कोणता लिलाव झाला ते तुमच्या वहीत असायला हवं. नसेल तर त्या वर्षाचं पान पुन्हा उघडा.