लवंग घातलेली नसते, तरी लागते

सावद्याला आमची केळीची वखार आहे. भाचा बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला शिकतो. मागच्या मे महिन्यात येताना त्याने गडद बेल्जियन एलच्या, म्हणजे तिकडच्या काळसर बियरच्या, दोन बाटल्या आणल्या, ३३० मिलीच्या, १० टक्के अल्कोहोलच्या. लेबलावर लिहिलेलं: संत्र्याची साल, धणे, चक्रीफूल. पहिली मी वाया घालवली. जळगाव स्टेशनापासून डिकीत हिंदकळत आलेली बाटली तशीच फ्रीजरला टाकली आणि स्टीलच्या पेल्यात ओतली. अर्धी फेसात गेली. उरलेली चाखून धुळ्याचा मित्र म्हणाला, "हाऊ ते काढा शे भो!" दुसरीच्या वेळी शहाणा झालो होतो. अशी बियर कशी प्यायची आणि तिच्यात घातलेला मसाला कसा ओळखायचा, तेवढंच सांगतो.

बाटली दोन दिवस फ्रीजच्या दारात उभी ठेवा. या बियरला पुष्कळदा बाटलीतच पुन्हा आंबवतात, त्यामुळे तळाशी यीस्टचा गाळ असतो. तो बसू द्यायचा. पण प्यायची फ्रीजच्या ४ अंशांवर नाही. केळं १३ अंशांच्या खाली गेलं की सालीवर करडेपणा येतो आणि मग ते धड पिकत नाही, हे आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतील. ही बियरही तशीच, अती गार झाली की मुकी होते. १० ते १३ अंश बरे. थंडीत अर्धा तास बाहेर ठेवावी लागते. आमच्या मे महिन्यात दहा मिनिटांत काम होतं, जास्त ठेवलीत तर चहा होईल.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी आवळता हवा. ब्रँडीचा चालतो. भांड्याच्या साबणाचा वास राहिला तर फेसही बसतो आणि नाकही फसतं, म्हणून नुसत्या पाण्याने दोनदा विसळा.

आता खरं काम, आणि ते बाटली उघडायच्या आधीचं. बायकोच्या काळ्या मसाल्याच्या डब्यातून दोन लवंगा, चिमूटभर धणे, एक चक्रीफूल काढा. शेजारी संत्र्याची वाळकी साल, चार मनुका, थोडी काकवी आणि ठिपके पडलेलं पिकलं केळं. धणे नि चक्रीफूल बोटाने चेचा. प्रत्येकाचा वास घ्या, मध्ये साधं पाणी प्या. बायको विचारील काय चाललंय. खरं सांगा, लपवून काही होत नाही.

मग ग्लास तिरपा धरून सावकाश ओता, तळचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. उजेडाकडे धरा. काळी वाटणारी बियर कडेला लालसर दिसेल. हा रंग बराचसा कँडी साखरेचा, म्हणजे बीटाची साखर काळसर होईपर्यंत शिजवून केलेल्या पाकाचा. ही साखर यीस्ट जवळपास सगळी खाऊन टाकतं. म्हणून वास पाकाचा येतो, पण जीभ चिकट होत नाही. काकवीशी ताडून पाहा: काकवीतला उसाचा खारटपणा इथे सापडत नाही.

पहिल्या वासाला मला केळं आलं. आयुष्य वखारीत गेलेल्या माणसाला ते चुकणार कसं! पण यात केळं नव्हतंच. यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं वासाचं द्रव्य तयार करतं, तेच पिकलेल्या केळ्यातही असतं. लवंगेसारखा वासही बहुधा यीस्टचाच, लेबलावर लवंग नसली तरी. मनुकेचा वास यीस्ट, माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि पाक यांच्या मेळातून येतो. म्हणजे शेजारी काढून ठेवलेल्या अर्ध्या वस्तू कोणी घातलेल्याच नाहीत. घातलेलं ओळखायचं तर आधी हे न घातलेलं बाजूला करावं लागतं. मग माझ्या हाती उरलं ते धणे, साल आणि चक्रीफूल.

जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ च्या नियमाने बियरला जव, हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच ठेवलं. बेल्जियमवाल्यांनी मसाले सोडले नाहीत, पण चांगल्या हाताने घातलेला मसाला पाठीमागे राहतो. बेल्जियममधल्या रोशफोरच्या मठातली १० नंबरची बियर ११.३ टक्क्यांची, तिच्यात थोडे धणे असतात. सांगितल्याशिवाय कुणाला कळायचे नाहीत.

लहान घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. साल असेल तर जिभेच्या मागे कोरडा कडूपणा राहतो. धणे असतील तर लिंबाकडे झुकणारी झाक येते. अर्धा ग्लास मुद्दाम पंधरा मिनिटं ठेवून द्या. गरम होताना सगळं मिळून उमलत असेल तर प्रमाण बरोबर. एकच मसाला पुढे घुसत असेल तर हात सैल सुटलाय. आमच्या बाटलीत चक्रीफूल असंच घुसलं.

सोबत शेवभाजी नको. तिखटावर १० टक्के अल्कोहोल म्हणजे तोंडात निखारा. गूळ-शेंगदाणे छान लागतात. पुरणाचे मांडे त्याहून छान लागतील, पण सणाच्या ताटाशेजारी बाटली मांडायची माझी हिंमत नाही.

तळचा गाळ शेवटी, वेगळा चाखा. आंबलेल्या पिठासारखा लागतो, मला आवडला. भाच्याला फोनवर सांगितलं: पुढच्या वेळी बिनमसाल्याची एक आणि मसाल्याची एक आण, आणि डिकीत टाकू नकोस, मांडीवर घेऊन बस.