स्प्लायसिंग शिकायचंय? एकच एक्झॉन धरा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जून-जुलैत कुणाची तरी भाची, कुणाचा तरी मुलगा येतोच. एम.एस. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला असतो आणि स्प्लायसिंग फॅक्टरांची यादी बघून धास्ती बसलेली असते. स्प्लायसिंग म्हणजे जीनवरून उतरवलेल्या आरएनएतले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापून हवे असलेले (एक्झॉन) जोडणं; ते घडवणारी, ठरवणारी प्रथिनं म्हणजे हे फॅक्टर. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

नावं पाठ करू नका. ही कापाकापी करणाऱ्या स्प्लायसोसोम या यंत्रणेत शंभरावर प्रथिनं आहेत, पाठांतर पुरे पडणार नाही. कोण कुठे बसतं आणि कोणाला अडवतं, एवढं विचारा. इंट्रॉनच्या सुरुवातीला बहुधा जीयू ही दोन अक्षरं असतात, शेवटी एजी. सुरुवात यू१ हा आरएनए-प्रथिनांचा संच ओळखतो, शेवट यू२एएफ हे प्रथिन. पण अशी अक्षरं जीनभर विखुरलेली असतात. त्यातली खरी जागा ठरवताना एसआर प्रथिनांची मदत होते: ती एक्झॉनवर बसून या दोघांना बोलावतात. एचएनआरएनपी ए१ (पुढे नुसतं ए१) हे प्रथिन बहुधा उलट काम करतं, एक्झॉन वगळायला लावतं.

ही ओढाताण एसएमएन२ या जीनच्या सातव्या एक्झॉनइतकी स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेली नाही. एसएमएन१ हा त्याचा जवळजवळ जुळा जीन. एक्झॉन अवघ्या ५४ अक्षरांचा. सहाव्या जागी एसएमएन१मध्ये सी, एसएमएन२मध्ये टी. अमिनो आम्ल तेच राहतं, तरी एसआरएसएफ१ या एसआर प्रथिनाची पकड सुटते, ए१चं फावतं आणि एक्झॉन बहुतेकदा गळतो. ज्या बाळाचं एसएमएन१ निकामी असतं, त्याचे स्नायू यामुळेच दुबळे होत जातात. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं नुसिनर्सेन हे औषध पुढच्या इंट्रॉनमधली ए१ची बैठकच झाकतं. एका प्रथिनाला उठवलं की काही मुलं बसायला लागतात! या विषयात पडायला मला एवढं कारण पुरलं.

प्रयोगात पीसीआरचे (आरएनएवरून केलेल्या डीएनएच्या प्रती वाढवण्याचे) प्रायमर सहाव्या आणि आठव्या एक्झॉनवर घ्या. जेलवर दोन पट्ट्या येतील, खालची ५४ अक्षरांनी तोकडी, म्हणजे सातवा एक्झॉन गळलेली. एक टक्का अगारोजवर त्या चिकटून दिसतात. अडीच-तीन टक्क्यांचं जेल कमी व्होल्टेजवर सावकाश चालवा. पेशींत सहसा दोन्ही जीन असतात, म्हणून ते वेगळे ओळखायला पीसीआरनंतर डीडीई-वन एन्झाइमने कापा. ते एसएमएन२चाच आठवा एक्झॉन कापतं.

मग फॅक्टर कमी करून बघा. ए१ आणि त्याचं भावंड प्रथिन ए२ दोन्ही घटवले की एसएमएन२चा एक्झॉन परत येतो, हे २००३ साली जेम्स मॅनली यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं आहे. एसआरएसएफ१बाबत मात्र जपून. पेशींना ते जगायलाच लागतं; फार काळ दाबून ठेवलंत, तर दिसणारा बदल स्प्लायसिंगचा की मरणाऱ्या पेशींचा, हे जेल सांगणार नाही.