विमान उतरवताना नजर कुठे ठेवावी

हवाई दलात मी वाहतूक विमानं उडवली, त्यातली बहुतेक वर्षं एएन-32. आता निवृत्त आहे, पण उडायला शिकणारी मुलं-मुली भेटली की अजून विचारतात, "सर, लँडिंग नीट बसत नाही, काय चुकतंय?" मी विचारतो, "फायनलवर असताना तू बघतोस कुठे?" फायनल म्हणजे उतरण्याआधीचा, धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा सरळ टप्पा. बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

फायनलवर वळून सरळ झालात की धावपट्टीच्या सुरुवातीजवळचा एक बिंदू निवडा. आकडा असेल, पांढरा पट्टा असेल, टायरचे काळे डाग असतील, काहीही चालेल. वेग आणि नाकाची स्थिती कायम ठेवा आणि तो बिंदू समोरच्या काचेवर कुठे दिसतो ते बघा. तो जागचा हलत नसेल तर विमान तिकडेच चाललं आहे. काचेवर वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडेच पडणार, खाली सरकत असेल तर पलीकडे जाणार. बिंदू जागेवर थांबेपर्यंत पॉवर आणि नाक थोडं-थोडं जुळवत राहा. सुधारणा जितकी लवकर कराल तितकी ती लहान असते.

याच्या जोडीला दोन हिशोब तोंडपाठ हवेत. तीन अंशांच्या उतारावर दर नॉटिकल मैलाला साधारण 300 फूट उंची कमी होते. आणि जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणलं की मिनिटाला किती फूट खाली यायचं ते कळतं: 100 नॉटला (तासाला 100 नॉटिकल मैल) 500 फूट. वेगाचा काटा मात्र सारखा बघत राहा. वेग दहा टक्के जास्त असेल तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. "थोडा जास्त असलेला बरा" असं म्हणणाऱ्यांची विमानं धावपट्टीच्या शेवटी थांबताना मी पाहिली आहेत.

आता फ्लेअर, म्हणजे टेकण्याच्या जरा आधी नाक उचलून खाली येण्याचा वेग कमी करणं. हैदराबादजवळ डुंडीगलला अ‍ॅकॅडमीत एचपीटी-32 या प्रशिक्षण विमानावर शिकत होतो तेव्हा माझी अनेक लँडिंग एकाच पद्धतीनं बिघडायची. जमिनीपासून बरंच उंच असतानाच मी स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) ओढायचो, वेग संपायचा आणि विमान आदळायचं. इन्स्ट्रक्टर शेजारीच बसायचे. एका सकाळी त्यांनी घडी घातलेला नकाशा काढला आणि फ्लेअरच्या जरा आधी माझ्या समोरच्या काचेच्या खालच्या भागावर धरला. नाकाखालची जमीन दिसेनाशी झाली, उरलं फक्त धावपट्टीचं दूरचं टोक. "आता तिकडेच बघ," एवढंच म्हणाले. चाकं टेकली ते मला आवाजावरून कळलं.

जवळची जमीन इतक्या जोरात धावत येते की तिच्याकडे बघून उंचीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे धावपट्टीची सुरुवात, ओलांडताना नजर निवडलेल्या बिंदूवरून उचलून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. डोळ्यांच्या कडांनी धावपट्टीच्या बाजू रुंदावताना दिसतात आणि जमीन आपल्या दोन्ही खांद्यांकडे वर येतेय असं वाटतं. त्या क्षणी पॉवर काढत नाक हळूहळू उचला. पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत आलात की विमान थोडं तरंगतं. तेव्हा नाक खाली ढकलायचा मोह होतो, तो आवरा. नाक जिथे आहे तिथे धरून ठेवा आणि वेग उतरू द्या.

सपाट, ओळखीच्या धावपट्टीवर एवढं पुरतं. अनोळखी ठिकाणी डोळे फसवतात. मला ते लेहनं शिकवलं.

लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 10,700 फुटांवर आहे. तिथे हवा विरळ असल्यामुळे वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवरचा वेग सतरा-अठरा टक्क्यांनी जास्त असतो. उन्हाळ्यात तापमान वीस अंशांवर गेलं तर हाच फरक तेवीस-चोवीस टक्क्यांपर्यंत जातो आणि थांबायला लागणारं अंतर जवळपास दीडपट होतं. वारा दुपारकडे चढतो, म्हणून तिथली उड्डाणं सकाळीच उरकतात. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी को-पायलट म्हणून पहिल्यांदा तिथे उतरताना धावपट्टी अंगावर धावून आली आणि माझा हात आपोआप थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) मागे घ्यायला गेला. कॅप्टनचा हात आधीच थ्रॉटलच्या मागे होता. "काटा बघ," ते म्हणाले. काटा अगदी जागेवर होता. मी थ्रॉटल मागे घेतला असता तर धावपट्टीच्या अलीकडेच वेग संपला असता. मागे सुट्टीवरून परतणारे जवान बसले होते.

24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना घेऊन डकोटा विमान लेहला उतरवलं, तेही घाईनं तयार केलेल्या कच्च्या पट्टीवर. त्याआधी तिथे विमान उतरलंच नव्हतं. कॉकपिटमध्ये "काटा बघ" म्हणणारं कोणी त्यांच्यासाठी असणार नव्हतं. लेहच्या प्रत्येक फेरीत मला त्यांची आठवण व्हायची.

डोळ्यांच्या आणखी दोन फसवणुकी लक्षात ठेवा. धावपट्टी पुढे चढत गेली असेल तर आपण फार उंच आहोत असं वाटतं. धावपट्टी सवयीपेक्षा अरुंद असेल तरी तसंच वाटतं. दोन्हीत वैमानिक नकळत खाली-खाली येतो. चारही बाजूंनी डोंगर असले की खरं क्षितिजही दिसत नाही, त्यामुळे नाक किती वर आहे याचाही अंदाज चुकतो. उपाय हिशोबाचाच आहे: धावपट्टी 10,700 फुटांवर असेल तर एक मैल आधी अल्टिमीटरनं (उंचीच्या काट्यानं) साधारण 11,000 दाखवायला हवं. डोळा आणि काटा यांचं जुळत नसेल तर काट्याचं ऐका.

आडव्या वाऱ्याबद्दल थोडक्यात. वारा धावपट्टीशी 30 अंशात असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, 60 अंशात जवळजवळ सगळा. फायनलवर नाक वाऱ्याकडे ठेवून या आणि टेकायच्या आधी रडरनं (शेपटीच्या उभ्या पात्यानं) नाक सरळ करून वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरा. इथेही नजर टोकाकडेच, कारण विमान बाजूला सरकतंय हे तिथूनच आधी दिसतं. बाकी सरावानं येतं.

ओव्हरशूटचा, म्हणजे न उतरता परत वर जाण्याचा, निर्णय मात्र आधीच घेऊन ठेवायचा असतो. 500 फुटांवर वेग, उतार आणि दिशा या तिन्हीपैकी एक जरी जागेवर नसेल तरी पॉवर लावून वर जा, वाद घालू नका. डोंगरात ही मर्यादा त्याहूनही अलीकडे येते. अरुणाचलमधल्या मेचुकासारख्या दरीतल्या पट्टीवर ठरावीक वळणानंतर परत फिरायला जागा उरत नाही. एकदा त्या वळणाआधी ढग उतरताना दिसले आणि आम्ही परत फिरलो. मागे रेशन होतं आणि घरी निघालेली गावातली माणसं होती. एक आजी माझ्यावर खूप नाराज झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दरी स्वच्छ होती. उतरल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. माझ्या सगळ्या लँडिंगमधलं ते मला सर्वांत जास्त आठवतं.

नजरेचा सराव विमानाशिवायही करता येतो. सरळ रस्त्यावर गाडीत पुढच्या सीटवर बसा, पण गाडी दुसऱ्याला चालवू द्या. समोर बघा आणि न हलणारा बिंदू शोधा. बाकी सगळं त्या बिंदूपासून बाहेर पसरत जाताना दिसेल. रस्ता वळला की बिंदू कुठे सरकतो ते पाहा. मग नजर खाली बॉनेटजवळच्या रस्त्यावर आणा आणि वेगाचा अंदाज किती बदलतो ते अनुभवा. पुढच्या उड्डाणाआधी दहा मिनिटं हे करा.