मृगात नवा आयफोन निघत नाही: जूनच्या कार्यक्रमाआधी या चुका टाळा

जून लागला की आमच्या दुकानात दोनच विषय चालतात. बाहेर पायरीवर पावसाचा आणि आत काउंटरवर 'त्या कार्यक्रमाचा'. "दादा, थांबू का घेऊन टाकू? आठ दिवसांत नवा येतोय म्हणे." संभाजीनगरात पैठण गेटला मोबाईलची दुकानं एकाला एक लागून आहेत. गिऱ्हाईक हाच प्रश्न पाच ठिकाणी विचारून, पाच उत्तरं घेऊन आलेलं असतं. सहावं उत्तर आमचं, आणि ते कुणालाच आवडत नाही.

ॲपलची डेव्हलपर परिषद जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरते. २०२३ साली ५ जूनला, २०२४ साली १० जूनला, २०२५ साली ९ जूनला. म्हणजे बरोबर मृगाच्या आगेमागे. मुख्य भाषण आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करेपर्यंत दोन-तीन जण येऊन उभे असतात. त्यांचे प्रश्न आणि त्यांनी आदल्या रात्री करून ठेवलेले उद्योग दर वर्षी तेच असतात. ते इथं मांडतो.

फोन येणार म्हणून खरेदी अडवून धरणं

डेव्हलपर म्हणजे ॲप बनवणारी माणसं. परिषद त्यांच्यासाठी असते: पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदलणार हे आधी कळलं तर ती आपली ॲप वेळेत तयार करतात. आपण त्या लग्नातले वऱ्हाडी नाही, मांडवाबाहेरून बघणारे.

मग फोनची आशा लोकांना लागते कुठून? ती जुन्या आठवणीतून आली आहे, आणि ती आठवण खोटी नाही. आयफोन ३जी ९ जून २००८ ला याच परिषदेत आला, ३जीएस २००९ च्या जूनमध्ये, आयफोन ४ सुद्धा ७ जून २०१० ला. पण २०११ साली ४एस ऑक्टोबरमध्ये काढला आणि तेव्हापासून मुख्य आयफोन पावसाळा सरताना येतो, बहुतेक वेळा सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये वाट बघायचीच असेल तर लॅपटॉपवाल्यांनी बघावी. २०२२ साली एम२ चिपचा मॅकबुक एअर आणि २०२३ साली १५ इंची एअर याच मंचावर दाखवला होता. पण तेही दर वर्षी घडत नाही.

ज्याचा फोन धड चालतोय त्यानं सप्टेंबरपर्यंत थांबावं, यात मला दुकानदार म्हणून तोटा असला तरी. नवा निघाला की आदल्या वर्षीच्या मॉडेलची किंमत उतरते. आयफोन १६ आला तेव्हा ७९,९०० चा आयफोन १५ कंपनीनंच ६९,९०० वर आणला. शिवाय आपल्याकडे सोयाबीनचा पैसा हातात यायचा तो दसरा-दिवाळीत. जूनमध्ये खिशातलं सगळं बी-बियाण्यात गेलेलं असतं, तेव्हा फोनसाठी हप्ता बांधून घेण्यात काय शहाणपण?

पण ज्याचं फोल्डर म्हणजे स्क्रीन फुटलंय, काचेचे कण अंगठ्यात घुसतायत, त्यानं तीन महिने थांबू नये. असा एक मुलगा गेल्या वर्षी अख्खा पावसाळा फोनला चिकटपट्टी लावून फिरला. सप्टेंबरात आला तोवर आत पाणी जाऊन बोर्डच गेला होता आणि फोटो काही निघाले नाहीत.

दाखवलं म्हणजे मिळालं असं धरून चालणं

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१० जून २०२४ ला 'ॲपल इंटेलिजन्स', म्हणजे ॲपलचं एआय, दाखवलं. दुसऱ्या दिवशी आयफोन १५ वापरणारा एकजण आला, "माझ्यात टाकून द्या." त्याचा फोन वर्षाचाही नव्हता. पण ते चालणार होतं फक्त १५ प्रो, १५ प्रो मॅक्स आणि पुढच्या फोनांवर. साध्या १५ मध्ये ए१६ चिप आणि ६ जीबी रॅम. प्रोमध्ये ए१७ प्रो आणि ८ जीबी. हा फरक सॉफ्टवेअर मारून भरून निघत नाही, हे त्याला पटवायला माझा अर्धा तास गेला. तरी जाताना तो शेजारच्या दुकानात शिरलाच.

ज्यांच्याकडे प्रो होता त्यांनाही लगेच काही मिळालं नाही. पहिला भाग आयओएस (आयफोनचं सॉफ्टवेअर) १८.१ बरोबर २८ ऑक्टोबर २०२४ ला आला, तोही अमेरिकन इंग्रजीत. भारतीय इंग्रजीची सोय १८.४ बरोबर, म्हणजे मार्च २०२५ च्या शेवटी. आणि त्याच कार्यक्रमात दाखवलेली, तुमचे मेसेज आणि मेल वाचून उत्तर देणारी नवी सिरी, म्हणजे फोनमधली बोलणारी मदतनीस? तिला आणखी वेळ लागेल असं कंपनीनंच मार्च २०२५ मध्ये सांगितलं आणि तिची एक जाहिरात मागेही घेतली. ती जाहिरात बघून कुणी फोन घेतला असेल तर त्याला काय म्हणणार!

वस्तूंचंही तसंच. होमपॉड हा स्पीकर जून २०१७ मध्ये दाखवला, डिसेंबरात देऊ म्हणाले, बाजारात आला फेब्रुवारी २०१८ ला. आपल्या देशात तर २०२० उजाडलं. डोळ्यांवर चढवायचा व्हिजन प्रो ५ जून २०२३ ला दाखवला आणि अमेरिकेत विक्रीला लागला २ फेब्रुवारी २०२४ ला.

म्हणून भाषण बघताना वक्त्याच्या हातवाऱ्यांकडे बघू नका, खालच्या बारीक अक्षरांकडे बघा. तिथं चार गोष्टी असतात: कोणत्या मॉडेलवर, कोणत्या भाषेत, कोणत्या देशात, कधी. 'फॉल' असं लिहिलेलं दिसलं तर तो साडीचा फॉल नव्हे, तिकडचा शरद ऋतू. सप्टेंबरपासून पुढचे दोन-तीन महिने. 'या वर्षात नंतर' असं असेल तर दिवाळी धरा. आणि नुसतं 'लवकरच' असेल तर काहीच धरू नका. कार्यक्रम संपला की कंपनी आपल्या साइटवर चालणाऱ्या फोनांची यादी टाकते. तुमचं मॉडेल त्या यादीत आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. २०२५ च्या यादीतून आयफोन एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स गळाले. आयओएस २६ आयफोन ११ पासून पुढेच चालतं. यादी लागायच्या आधी जुना एक्सआर सेकंड हँडमध्ये घेणारे मी पाहिलेत, आणि विकणाराही हसत हसत विकून गेला.

बीटा आपल्या एकुलत्या एक फोनवर टाकणं

परभणीचं कृषी विद्यापीठ दर वर्षी कानीकपाळी ओरडतं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तरी पहिल्या सरीला तिफण बाहेर काढणारे असतातच आणि मग ओढ बसली की दुबार पेरणी. बीटा म्हणजे चाचणीसाठी काढलेलं कच्चं सॉफ्टवेअर, आपल्यासाठी तीच ती पहिली सर.

भाषण संपलं की त्याच रात्री डेव्हलपरांसाठी पहिला बीटा निघतो. पूर्वी त्यासाठी वर्षाचे पैसे भरावे लागायचे. २०२३ पासून फुकट खात्यावरही मिळतो, आणि तेव्हापासून आमच्याकडची गर्दी वाढली. २०२५ मध्ये पहिला बीटा ९ जूनला, सर्वांसाठीचा बीटा २४ जुलैला आणि पक्कं सॉफ्टवेअर १५ सप्टेंबरला आलं. मधले तीन महिने चुका शोधण्यासाठी असतात. त्या शोधायचा पगार तुम्हाला मिळत नाही.

एका मोंढ्यातले आडत व्यापारी, वय पन्नाशीच्या पुढं. भाच्यानं हौसेनं मामाच्या फोनवर बीटा टाकला. सकाळी बँकेचं ॲप उघडेना. शेतकरी समोर बसलेला, पट्टी तयार, पैसे पाठवायचे आणि फोन नुसता गरम. काही बँकांची ॲप नव्या, न ओळखीच्या सिस्टिमवर स्वतःहून बंद पडतात. त्यात त्यांची चूक नाही, सुरक्षेसाठी ते तसंच असतं. मामा दुकानात आले तेव्हा भाचा बाहेर गाडीवरच बसून होता, आत यायची हिंमत नव्हती त्याची.

आता टाकलाच असेल तर काय करायचं?

घाई नसेल तर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, त्यात बीटा अपडेट्स. तिथं 'ऑफ' करा. फोन आहे त्याच बीटावर राहील, पण पक्कं सॉफ्टवेअर निघालं की त्यावर जाईल आणि तुमचं काही पुसलं जाणार नाही. तोपर्यंत व्यवहारासाठी दुसरा फोन वापरा.

थांबणं शक्यच नसेल तर फोन कॉम्प्युटरला जोडून पूर्ण रिस्टोअर मारावा लागतो, म्हणजे पक्कं सॉफ्टवेअर नव्यानं टाकावं लागतं, आणि त्यात सगळं जातं. फोन जोडा, आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण केबलचं चित्र येईपर्यंत धरून ठेवा. कॉम्प्युटरवर 'रिस्टोअर' निवडा. इथं आपल्याकडचे लोक हमखास अडकतात. फाइल आठ-दहा जीबीची असते, नेट रडतखडत चालतं, आणि उतरवायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागली की फोन आपोआप त्या अवस्थेतून बाहेर पडतो. मग "फोन डेड झाला" म्हणून आमच्याकडे धाव. डेड काही झालेला नसतो. फाइल पूर्ण उतरू द्या आणि बटणांचा तोच क्रम परत करा.

दुसरी गोची बॅकअपची. बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या पक्क्या सॉफ्टवेअरवर चढत नाही. त्यामुळे बीटा टाकायच्या आधी कॉम्प्युटरवर एक बॅकअप घ्या आणि मॅक असेल तर त्यावर 'आर्काइव्ह' करा, नाहीतर पुढचा बॅकअप त्याच्यावरच बसतो. असा बॅकअप आधीच घेऊन ठेवलेलं गिऱ्हाईक मला आजवर एकच भेटलं, तेही शिक्षक.

घड्याळावर तर बीटा टाकूच नका. ॲपल वॉच घरबसल्या किंवा आमच्यासारख्यांकडून मागं आणता येत नाही.

यूट्यूबवरचा आकडा मनात धरून बसणं

२०२५ च्या मे महिन्यापर्यंत जो तो 'आयओएस १९' बद्दल बोलत होता. त्यात काय असणार, कसं दिसणार, सगळं ठरलेलं. कंपनीनं वर्षावरून नाव द्यायचं ठरवलं आणि निघालं आयओएस २६. म्हणजे साधा नंबरसुद्धा महिनोन्‌महिने चुकीचा फिरत होता, बाकीच्याचं काय सांगावं. त्यावरून आलेली तक्रार अजून आठवते: "माझ्यात १८ आहे, एकदम २६ दाखवतंय. मधले सात मला का नाही आले?" त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की काका, ते मधले कुणालाच आले नाहीत.

अपडेटची लिंक व्हॉट्सॲपवर आली तर मात्र ही थट्टा नाही. खरा अपडेट फोनच्या सेटिंग्जमध्ये येतो, व्हॉट्सॲपच्या लिंकवरून कधीच नाही. लिंकवरून काही उतरवलं असेल तर आधी नेट बंद करा, बँकेला फोन करा, मग दुकानात या.

अँड्रॉइडवाल्यांनी गुगलच्या कार्यक्रमावरून स्वतःच्या फोनची तारीख ठरवणं

गुगलची परिषद मे महिन्यात असते, आणि तिथं जे दाखवतात ते आधी त्यांच्याच पिक्सेल फोनवर येतं. अँड्रॉइड १६ पिक्सेलवर १० जून २०२५ ला आलं. सॅमसंगच्या आधी विकलेल्या गॅलॅक्सी एस२५ फोनांवर सप्टेंबर लागला. दहा-बारा हजारांच्या फोनवर कधी येईल, की येणारच नाही, हे त्या त्या कंपनीच्या हातात. घेतानाच विचारा: किती वर्षं अपडेट देणार? पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन आहे. स्वस्त फोनवर सात वर्षं कुणी म्हणालं तर बिलावर लिहून घ्या.

पक्का अपडेट आल्यावर दुसऱ्याच दिवशी बॅटरी बदलायला येणं

मोठ्या अपडेटनंतर फोन दोन-तीन दिवस आतल्या आत काम करत असतो, फोटो आणि फाइलींची नव्यानं यादी लावतो. बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो. रात्री चार्जिंगला आणि वायफायला लावून ठेवा, तीन दिवस कळ काढा. तरी उतरतच असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर मग या, बदलू. दुसऱ्याच दिवशी आलेल्याची बॅटरी मी बदलत नाही. काही दुकानं बदलतात.

जागा नाही म्हणून अपडेट अडत असेल तर फोटो पुसायच्या आधी व्हॉट्सॲपचं स्टोरेज उघडा. सुप्रभातचे व्हिडिओ काढले तरी बऱ्याच वेळा काम भागतं.

आणि आयओएस २६ टाकल्यावर ज्यांच्या घरच्या मोठ्या माणसांना अक्षरं पुसट, मागचं चित्र पुढं आल्यासारखी दिसतात, त्यांच्यासाठी: सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, तिथं 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' चालू करा. २६.१ पासून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'लिक्विड ग्लास', म्हणजे ही काचेसारखी पारदर्शकता, कमी करायचाही पर्याय आहे. हे मी आईच्या फोनवर आधी केलं. ती म्हणाली, "आता कसं, पूर्वीसारखं दिसतंय."